डावा मोजा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. हॉस्टेलजवळच्या सायबर कॅफेत बसून वाचायचे आणि, राग मानू नका, पण मनातल्या मनात हसायचे. आमच्या मुरगूडकडे अशा गोष्टी रंगवून सांगणारे पुष्कळ आहेत. लहानपणी मी त्यांना उलटे प्रश्न विचारायचे, तेव्हा आई मला कोपराने ढोसून गप्प बसवायची. नर्सिंगला आल्यावर तर उरलीसुरली भीतीही गेली. माणूस मरतो म्हणजे शरीरात काय काय बंद पडतं ते आम्ही पुस्तकात शिकतो आणि वॉर्डात बघतो. त्यात भुताला जागा कुठे आहे, असं मी मैत्रिणींना छाती पुढे काढून विचारायचे.

त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे यानं अवघडल्यासारखं वाटतंय. लिहायची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली.

एक मात्र आधीच सांगते. हे वाचून कुणाला भीती वाटेल असं मला वाटत नाही. मलाही वाटली नव्हती. मला राग आला होता... आणि तो अजून गेलेला नाही.

गोष्ट याच वर्षातली, 2009 ची. पुण्यात स्वाईन फ्लूचे पेशंट सापडले आणि पाठोपाठ कोल्हापुरातही कुजबुज सुरू झाली. शाळा बंद झाल्या. मेडिकलमधले मास्क संपले. लोक रुमालात कापूर आणि वेलदोडे बांधून हुंगत फिरायचे. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तेव्हा माझी ड्यूटी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांच्या वॉर्डात लागली होती. हॉस्पिटल कुठलं ते विचारू नका. माझी परीक्षा अजून व्हायची आहे.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. एका बाजूला पॅसेजची मोठी काच, नातेवाईक तिथूनच बाळ बघायचे. समोरच्या बाजूला खिडक्या, आणि त्या खिडक्यांच्या खाली मीटिंग हॉल. हॉलमध्ये माईक लावला की वर शब्द न् शब्द ऐकू यायचा. मधे ओळीने वॉर्मर, म्हणजे वरून ऊब देणारे बाळांचे पलंग. दाराला स्प्रिंग होती आणि ती उघडताना इतकी करकरायची की कुणी आत आलं आणि कळलं नाही असं कधीच व्हायचं नाही.

ज्यांनी हा वॉर्ड बघितला नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेलं बाळ कधी कधी श्वास घ्यायलाच विसरतं. रडत नाही, धडपडत नाही. नुसतं गप्प होतं आणि हळूहळू निळं पडतं. अशा वेळी त्याच्या तळपायावर टिचकी मारायची. बहुतेक वेळा तेवढ्यानं त्याला आठवतं आणि ते श्वास घेतं. पण ते गप्प झालंय हे कुणाच्या तरी लक्षात यायला लागतं. ऑक्सिजन दाखवणारी मशीन सगळ्या बाळांना पुरतील एवढी आमच्याकडे नव्हती. जे जास्त आजारी त्याला लावायची. बाकीच्यांचं मशीन म्हणजे आमचे डोळे.

आणि त्या डोळ्यांसाठी शोभा सिस्टरांनी एक खूण काढली होती.

शोभा सिस्टर म्हणजे वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या स्टाफ नर्स. कागलकडच्या, बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरचा पेशंट उठून बसावा. डॉक्टर एकदा म्हणाले, "सिस्टर, जरा हळू बोला, बाळं झोपलीत." तर या म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या गावात ह्याला कुजबुजणं म्हणत्यात." डॉक्टरही हसले.

ज्या बाळाला श्वास विसरायची खोड आहे, त्याचा डावा मोजा त्या काढून ठेवायच्या. एक तर टिचकी मारायला पाय उघडा पाहिजे. आणि दुसरं म्हणजे, दारातून बघितलं तरी कळतं की लक्ष कुणावर ठेवायचं. एवढ्याशा पायांना मोजे ढगळ व्हायचे, म्हणून आम्ही घोट्याजवळ गॉजची पट्टी बांधायचो. सिस्टर ती पट्टी सोडून आपल्या बोटावर गुंडाळायच्या, तिची बारीक गुंडाळी करायच्या, मोज्याची दुहेरी घडी घालायच्या आणि दोन्ही वस्तू बाळाच्या उशाला गादीच्या कडेखाली सरकवून द्यायच्या. प्रत्येक वेळी तस्संच. आम्ही पोरी कुठेही टाकायचो आणि मग बोलणी खायचो.

बाळांना त्या नावाने हाक मारायच्या नाहीत. नावं ठेवलेलीच नसायची. गावावरून हाक. हातकणंगल्याचं पावणं, गडहिंग्लजचं पावणं. आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, तसंच. टिचकी मारताना म्हणायच्या, "काय पावणं, इसरलासा व्हय?" मला म्हणायच्या मुरगूडकर. "मुरगूडकर, पावणं आल्यात आपल्याकडं. ऱ्हायचं का परत जायचं, ठरलं न्हाय अजून त्यांचं. नीट बोलायचं त्यांच्यासंगट."

त्यांचा आणखी एक नियम होता. शिफ्ट संपताना पुढच्या नर्सला चार्ज द्यायचा तो प्रत्येक बाळाजवळ उभं राहून, तोंडाने. दूध किती घेतलं, शी झाली का, श्वास विसरतं का. घेणारीने मोठ्याने म्हणायचं, "घेतलं." मगच पुढच्या बाळाकडे. पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवली. सिस्टर जागच्या हलेनात.

"मान काय, बैल बी हलवतोय. तोंडानं घेतलं म्हण."

"घेतलं, सिस्टर."

"आत्ता कसं. घेतलं म्हटल्याबिगर मी इथनं हलायची न्हाय, सांगून ठेवते. माझी बस चुकली तरी न्हाय."

हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय. पुढे लागणार आहे.

आता मास्कचं. हॉस्पिटलमध्ये ते चांगले मास्क आले होते, एन-नाईन्टीफाईव्ह. ऑफिसच्या कपाटात होते. कपाटाला कुलूप. डॉक्टरांना मिळाले. नर्सना नाही. आम्हाला कापडी, मागे नाड्या बांधायचे, धोब्याकडून धुऊन यायचे. शोभा सिस्टर ऑफिसात गेल्या तेव्हा मी त्यांच्या मागे उभी होते. आमचे ॲडमिनिस्ट्रेटर, त्यांना सगळे साहेबच म्हणतात, ते म्हणाले, "शोभाताई, स्टॉक कमी आहे. आणि बाळांच्या वॉर्डात कुठला आलाय स्वाईन फ्लू?"

"बाळं काय झाडाला लागत्यात व्हय साहेब? आयांच्या पोटातनंच येत्यात की. आन् आया खोकत येत्यात."

"वापरा की कापडी. काही होत नाही."

सिस्टरांनी तोंडावरचा मास्क खाली ओढून त्यांच्यासमोर धरला. "माझ्या घरातलं पडदं ह्याच्यापेक्षा जाड हायत."

साहेब हसले. मास्क दिला नाही. त्याच दिवशी खाली पोर्चमध्ये एका ट्रस्टींच्या ड्रायव्हरच्या तोंडाला मी एन-नाईन्टीफाईव्ह बघितला. गाडीला टेकून उभा होता.

त्यानंतर काही दिवसांनी राधानगरीकडची एक बाई आली. सातवा महिना, अंगात ताप, आणि खोकला असा की तिला धड बोलता येईना. तिला पुढे पाठवायलाही वेळ मिळाला नाही, बाळ आलंच. बाळ घ्यायला लेबर रूममध्ये शोभा सिस्टर गेल्या. तोच कापडी मास्क लावून. मुलगी होती, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढी. आईला तिथूनच दुसऱ्या हॉस्पिटलच्या आयसोलेशनला हलवलं. स्ट्रेचर निघताना सिस्टरांनी बाळ उंच धरून लांबून दाखवलं आणि ओरडून सांगितलं, "बघून घे गं. तुझं पावणं हाय आमच्याकडं. बरी हो आन् न्यायला ये."

हे मला आमच्या आक्काताई मावशींनी सांगितलं. त्या वॉर्डातल्या आयाबाई. बाळाचा बाप दुधाचा टेम्पो चालवायचा. रोज काचेशी येऊन विचारायचा, "पावणं बरं हाय न्हवं?" त्यालाही तोच शब्द लागला होता.

राधानगरीचं पावणं सगळ्यांत विसराळू. डावा मोजा कायम काढलेला.

मग सिस्टरांना ताप आला. मेट्रन म्हणाल्या, पावसाळ्यात होतंच, गोळी घ्या, स्टाफ नाहीये. सिस्टर एकावर एक दोन कापडी मास्क बांधून यायच्या आणि बाळांकडे स्वतः जायच्या नाहीत. काचेबाहेर स्टुलावर बसून आम्हाला ओरडून सांगायच्या. "मुरगूडकर, राधानगरी बघ. राधानगरी." एका दुपारी धाप लागली तेव्हा कुठे त्यांना रिक्षात घालून तपासायला पाठवलं. मी त्या वेळी खाली लेक्चरला बसले होते. परत आले तर स्टूल रिकामं.

आठवडासुद्धा गेला नाही. शोभा सिस्टर वारल्या.

आम्हाला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. ऑफिसकडून वॉर्डावॉर्डात सांगितलं गेलं की घाबरू नका, त्यांना संसर्ग बाहेरून झाला. घरी गणपतीला पाहुणे आले असतील, त्यांच्याकडून आला असेल.

पाहुणे.

मी त्या रात्री हॉस्टेलवरून घरी फोन केला. माझे वडील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला आहेत. मी रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्यातबी असंच की बाळ. तपासणीला कोण यायचं असलं की हेल्मेट वाटत्यात. पावणं गेलं की काढून घेत्यात. तू गप शीक. पास हो आधी."

ते बोललेलं जसंच्या तसं पुढे घडेल असं मला वाटलं नव्हतं.

श्रद्धांजली सभा ठरली. दुपारची, खालच्या हॉलमध्ये. पेपरवाले येणार, ट्रस्टी येणार, आणि आधी सगळे वर येऊन काचेतून वॉर्ड बघणार. सकाळी ऑफिसातून एक खोका आला. त्यात एन-नाईन्टीफाईव्ह मास्क. प्रत्येक नर्सला एकेक. फोटोसाठी. मी हातात घेऊन बघतच राहिले. कडक, पांढरा, नाकावर पट्टी असलेला. कपाट काही रिकामं नव्हतं म्हणजे.

मेट्रन राऊंडला आल्या आणि वॉर्मरकडे बघून म्हणाल्या, "ह्याचा एकच मोजा? त्याचाही? फोटोत किती गबाळं दिसेल. सगळ्यांना दोन्ही मोजे घाला."

मी म्हटलं, "मॅडम, ती खूण आहे. शोभा सिस्टर..."

"शोभा गेल्या. घाला मोजे."

मी घातले. राधानगरीच्या बाळाच्या डाव्या पायाची पट्टी मी मुद्दाम निरगाठ मारून बांधली, कारण आमची नेहमीची सुरगाठ ते पाय हलवून सोडायचं आणि मॅडम परत बोलल्या असत्या. हे मला पक्कं आठवतंय. निरगाठ, तीसुद्धा आवळून.

लोक आले, काचेतून बघितलं, फोटो झाले. मग सगळा स्टाफ खाली बोलावला. आक्काताई मावशींना खुर्च्या मांडायला आधीच नेलं होतं. वॉर्डात ठेवलं मला एकटीला. स्टुडंट आहे, हिची फोटोत गरज नाही. माझा चांगला मास्कही मागून घेतला, खाली एक कमी पडत होता.

दुपारचं लख्ख ऊन खिडकीतून आत आलं होतं. अंधार नाही, वादळ नाही, काही नाही. मी दाराजवळच्या बाळाला नळीने दूध देत होते. एका हाताने सिरिंज उंच धरायची, दुसऱ्या हाताने नळी. दूध आपोआप उतरू द्यायचं. मधेच सोडून जाता येत नाही, दूध श्वासात गेलं तर बाळ दगावतं. मशीन याच बाळाला लावलेलं. राधानगरीचं बाळ दुसऱ्या टोकाला, खिडकीशी. माझी त्याच्याकडे पाठ.

खालून साहेबांचा आवाज येत होता. "...शोभाताईंनी शेवटच्या श्वासापर्यंत सेवा केली. दुर्दैवाने त्यांना बाहेर संसर्ग झाला. आमच्या संस्थेने कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेत कधीही तडजोड केली नाही..."

रागाने मला खिडकी उघडून ओरडावंसं वाटत होतं आणि माझे दोन्ही हात अडकलेले.

तेवढ्यात मागे आवाज झाला. टिच.

बारीक, पण अगदी स्पष्ट. नख कातड्यावर आपटल्याचा. तो आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता, चुकणं शक्य नाही. दार वाजलं नव्हतं. मी मान वळवली.

राधानगरीच्या बाळाचा डावा पाय उघडा होता. उन्हात. आणि तो पाय निळसर करडा होता.

पुढचं मी विचार करून केलं नाही. नळी चिमटीत दाबली, दूध थांबवलं, बाळाला कुशीवर केलं आणि धावले. छाती हलत नव्हती. टिचकी मारली. काही नाही. परत मारली. पाठ चोळली. आणि माझ्या तोंडातून, मी न ठरवता, मोठ्याने निघालं, "काय पावणं, इसरलासा व्हय?"

काही नाही. मी हवा द्यायची पिशवी उचलली, तिचा मास्क त्या एवढ्याशा तोंडावर बसवला आणि दाबायला लागले. खाली टाळ्या वाजत होत्या. श्रद्धांजलीला टाळ्या. माझ्या हाताखाली ते पोर मेल्यासारखं पडलेलं आणि खाली टाळ्या...

मग छाती एकदा वर आली. आपली आपण. परत एकदा. ओठांचा रंग पालटला आणि ते मांजराच्या पिल्लासारखं रडलं.

मी खाली बसले नाही, रडले नाही. उभीच होते. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या पायात मोजा होता. मी स्वतः बांधला होता.

मी गादीची कड उचलली. मोजा तिथे होता. दुहेरी घडी. शेजारी गॉजची बारीक गुंडाळी, बोटावर गुंडाळून काढलेली. गाठ कापलेली नव्हती. सोडलेली होती.

तुम्ही म्हणाल, बाळानेच पाय झाडला असेल. सुरगाठ असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण निरगाठ सोडून, पट्टी गुंडाळून, मोज्याची घडी घालून उशाला गादीखाली? आणि तेही श्वास बंद पडलेल्या बाळाने? म्हणाल, मीच बेभानपणे केलं असेल. माझे दोन्ही हात सिरिंजला आणि नळीला होते. म्हणाल, कुणीतरी आलं असेल. दार वाजलं नाही, आणि सगळे खाली फोटोत आहेत. तो फोटो पेपरात छापून आलाय. प्रत्येकजण त्यात दिसतो, चांगल्या मास्कमध्ये.

सगळ्यात आधी आक्काताई मावशी वर आल्या. मी गादीची कड उचलून दाखवली. त्यांनी बघितलं, पदर तोंडाला लावला आणि खाली बसल्या.

"आली हुती गं," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या मागून नर्स आल्या आणि त्यांच्या मागून ऑफिसचा शिपाई, हातात सकाळचाच खोका. मास्क परत जमा करा म्हणाला. मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. सगळ्यांनी काढून दिले. वापरलेले, सकाळपासून तोंडावर घातलेले मास्क, एकात एक घालून, खोक्यात. कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.

गोष्ट दोन दिवसांत सगळ्या हॉस्पिटलमध्ये पसरली. त्याच आठवड्यात आणखी एकदा झालं, हातकणंगल्याच्या बाळाचा मोजा. तेव्हा माझ्याबरोबरची ज्युनियर होती, तिने बघितला. घडी तशीच. बाळाकडे गेलो तर ते नुकतंच गप्प होत होतं.

नर्सना बरं वाटायला लागलं. शोभा गेलीच नाही, इथेच आहे, किती जीव होता बाळांवर. मला ते ऐकून आधी भरून यायचं. मग एक दिवस सकाळी वॉर्डात सिस्टरांचा फोटो लागला, हार घातलेला, आणि खाली उदबत्ती. बाळांच्या वॉर्डात उदबत्ती. ती मी विझवली. तेवढ्यात साहेब मेट्रनबरोबर आले. आमच्या इन्चार्ज सिस्टर त्यांच्याकडे गेले कित्येक दिवस जादा स्टाफ मागत होत्या. त्यांनी परत मागितला. साहेबांनी फोटोकडे हात केला आणि हसून म्हणाले, "आता काय काळजी आहे? शोभाताई आहेत की तुमच्याबरोबर."

सगळ्या थोडं हसल्या. मोठा माणूस बोलला की हसतात तसं.

आणि मी बोलले. मी तशी बोलणारी मुलगी नाही, वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. पण माझ्या तोंडातून घरची भाषा निघाली.

"साहेब, मेलेल्या माणसाला तरी सुट्टी द्या की."

मी फोटोकडे बोट केलं.

"जिवंत असताना मास्क दिला न्हाईसा. आता मेल्यावर फुकटची ड्यूटी लावताय व्हय?"

साहेबांचा चेहरा मला दिसला नाही. त्यांनी चांगला मास्क लावला होता. ते निघून गेले. मेट्रन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्यापासून ओपीडीत. आणि इंटर्नल मार्क्स कोण देतं माहीत आहे ना?"

तर ती माझी त्या वॉर्डातली शेवटची दुपार. मी आक्काताई मावशींशेजारी बाळांचे कपडे घड्या घालत बसले. मावशी म्हणाल्या, "बरं बोललीस. ती असती तर तिनं बी हेच म्हटलं असतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्या दिवशी रिक्षा खाली आलती न्हवं, तर जाईना बघ ती. धाप लागलीया, बोलाय येईना, तरी जिन्यापातूर जायाची आन् परत फिरायची. राधानगरी, राधानगरी करत. मेट्रन म्हणल्या, जावा, बघतो आम्ही. तरी मागं बघत हुती."

"चार्ज कुणी घेतला मग?"

मावशींचे हात थांबले. "कोण घेणार? इन्चार्ज रजेवर, तू खाली वर्गात. कोणच न्हाय घेतला."

घेतलं म्हटल्याबिगर मी इथनं हलायची न्हाय.

मी उठले. मला लाज वाटत होती, हेही सांगते. मी विज्ञान शिकलेली मुलगी, आणि भर दुपारी रिकाम्या जागेशी बोलायला निघाले होते. मी राधानगरीच्या बाळाच्या वॉर्मरपाशी उभी राहिले, जिथे सिस्टर उभ्या राहायच्या त्याच्या समोर. आणि मोठ्याने म्हणायला लागले. दूध घेतं, पचतं. वजन वाढतंय. श्वास विसरतं, पण आता कमी. डावा मोजा काढलेला आहे. घेतलं, सिस्टर. मग पुढचं बाळ. हातकणंगलं. घेतलं. एकेक करत दारापर्यंत. ज्युनियर मुलगी तोंडावर हात ठेवून बघत होती.

दारापाशी आल्यावर म्हटलं, "सगळी घेतली. आता घरी जावा, सिस्टर. तुमची बस चुकंल."

काही झालं नाही. पडदा हलला नाही, वास आला नाही. असं काही लिहिलं तर ते खोटं ठरेल. मग मी त्या ज्युनियरला परत पहिल्यापासून सगळ्या बाळांचा चार्ज दिला आणि प्रत्येक ठिकाणी तिच्याकडून "घेतलं" म्हणवून घेतलं. डावे मोजे कुणाचे काढायचे ते दाखवलं. घडी कशी घालायची तेही.

त्यानंतर आपोआप मोजा निघाल्याचं कुणीच बघितलं नाही. मी मावशींना अजून विचारते. आता मोजे नर्सच काढतात. मेट्रनही काही म्हणत नाहीत.

राधानगरीचं पावणं घरी गेलं. मी ओपीडीच्या दारात होते. आई बरी होऊन न्यायला आली होती, बारीक झालेली, अंगावर शाल. टेम्पोवाला बाप पिशव्या धरून मागे. तिने मला युनिफॉर्मवरून थांबवलं आणि विचारलं, "त्या मोठ्या आवाजाच्या सिस्टर कुठं हायत? मला लांबनं बाळ दाखवलं त्यांनी. तोंड न्हाय बघितलं मी, पर आवाज वळखीन."

मी काय सांगणार होते? खोकला हिचाच होता. आणि हिचा दोष कणभरही नव्हता. हिच्या डोक्यावर ते ओझं मी कसं ठेवू? ज्याने ठेवून घ्यायला पाहिजे तो वर ऑफिसात बसला होता.

"ड्यूटी संपली त्यांची," मी म्हटलं. "घरी गेल्या."

"मग त्यांना सांगा, पावणं ऱ्हायलं म्हणावं. परत न्हाय गेलं."

मी हो म्हटलं.

ही सगळी हकिकत मी वर्गातल्या एक-दोघींना सांगितली. कुणी म्हणतं मनाचे खेळ, कुणी म्हणतं आत्मा. आमच्या एका मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, थकव्यात माणूस काम करून विसरतो. असेलही. मी प्रत्येक स्पष्टीकरण त्या निरगाठीपाशी नेऊन बघितलं आणि प्रत्येक तिथे अडकलं. इथे जाणकार लोक आहेत, कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. त्या दुपारी मोजा कुणी काढला ते मला आजही माहीत नाही.

कपाटाला कुलूप कुणी लावलं होतं, ते माहीत आहे.